विजय संकेश्वर : गदगचा एक ट्रक, हुबळीची खासदारकी आणि आमच्या आबांची बारा-दहा

देवणीचं_वळू

परवा सोलापूरहून गावाकडं येताना उमरग्याच्या अलीकडं धाब्यावर थांबलो होतो. चहा येईस्तोवर हायवेवरच्या गाड्या बघत बसलो तर अर्ध्या तासात व्हीआरएलच्या सात पिवळ्या गाड्या गेल्या. सोबत पोरगं होतं, दहावीतलं, ते म्हणलं पप्पा ही कुणाची कंपनी, म्हणलं हुबळीच्या एका माणसाची, एका ट्रकपासून चालू केली आणि तीन वेळा खासदार पण झाला. तर पोरगं काय म्हणावं, "मग आजोबांकडं पण एकच ट्रक होता ना, त्यांचं काय झालं?" घ्या आता. चहा थंड झाला माझा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. विजय संकेश्वर, जन्म २ ऑगस्ट १९५०, गाव गदग (आपल्या भीमसेन जोशींचं गदग तेच). घरचा धंदा छपाईचा, वडील बी. जी. संकेश्वर कन्नड डिक्शनऱ्या वगैरे छापायचे. पोरगं छापखान्यात बसलं असतं तरी आयुष्य निघालं असतं पण ह्यानं १९७६ ला एक ट्रक घेतला. १९७८ ला बिऱ्हाड हुबळीला हलवलं, १९८३ ला विजयानंद रोडलाइन्स प्रायव्हेट लिमिटेड (तीच आजची व्हीआरएल) केली. स्वतःचं विजय आणि पोराचं आनंद, जोडून विजयानंद. आज पाच हजारांहून जास्त मालाच्या गाड्या आहेत आणि त्या भाड्याच्या नाहीत, स्वतःच्या. १९९६, १९९८ आणि १९९९ ला धारवाड उत्तरमधून भाजपचे खासदार, मग स्वतःचा पक्ष, तो आपटला, मधल्या काळात पेपर काढला, तो मात्र तुफान चालला, २०२० ला पद्मश्री.

आता आमचे आबा. उदगीरला १९८४ ला सेकंडहँड टाटा बारा-दहा (ट्रकचं मॉडेल, १२१०) घेतली, आजीच्या पाटल्या मोडून आणि वर फायनान्स काढून. मोंढ्यातून डाळीची पोती भरायची, बीदर जहिराबाद करत हैदराबादला टाकायची. जाताना भाडं चांगलं मिळायचं, घोडं अडायचं येताना. रिटर्न भाडं मिळंस्तोवर दोन-दोन तीन-तीन दिवस तिथं पडून राहायचं, गाडीखाली स्टोव्ह पेटवून क्लीनर पिठलं करायचा आणि आबा ब्रोकरच्या दारात बसायचे, ब्रोकर सकाळी म्हणायचा संध्याकाळी बघू आणि संध्याकाळी म्हणायचा सकाळी या. शेवटी रिकामी गाडी घेऊन यायचे, डिझेल अंगावर. हप्ता काही ब्रोकरची वाट बघत नसतो. १९९१ ला फायनान्सवाल्यानं गाडी ओढून नेली. विषय संपला.

म्हणून विचारतो, एक ट्रक त्याच्याकडं होता, एक आमच्याकडं. मधी काय झालं? नशीब, मेहनत वगैरे सांगू नका, मेहनत आबांनी पण हाडं मोडंस्तोवर केली. आणि दुसरं म्हणजे एवढा हुशार माणूस राजकारणात पक्ष काढून का फसला?

मोंढ्यातला

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी देतो, लातूरच्या मोंढ्यात आमची तिसरी पिढी आहे. तुमच्या आबांनी गाडी चालवली हो, ह्या माणसानं गोडाऊन चालवलं. फरक एवढाच आहे पण तो लय मोठा आहे.

फुल गाडीचा धंदा म्हणजे एक गिऱ्हाईक, एक माल, एक ठिकाण. भाव ठरवणार ब्रोकर आणि गिऱ्हाईक, तुम्ही फक्त हो म्हणायचं. पार्सल मालाचं उलटं असतं. एकाच गाडीत चाळीस व्यापाऱ्यांचा माल. कुणाचे चार नग मोटारपार्ट, कुणाची साड्यांची गाठ, कुणाचं औषधाचं खोकं. प्रत्येकाची वेगळी बिल्टी (माल पाठवल्याची पावती), प्रत्येकाचं भाडं वेगळं, आणि दोन खोक्यांवर कुणी घासाघीस करत बसत नाही, त्याला उद्या माल पोचल्याशी मतलब. सगळं मिळून बेरीज केली तर तीच गाडी फुल भाड्यापेक्षा जास्त कमावते. आणि महत्त्वाचं म्हणजे गाडी टायमाला निघते, भरो न भरो. समोरच्या गावात पण तुमचीच ब्रँच असल्यामुळं तिकडून येताना तिकडचा माल गोळा करून ठेवलेलाच असतो, ब्रोकरच्या दारात बसायचं कामच नाही. तुमच्या आबांचे ते तीन दिवस इथं वाचतात.

गोडाऊनला कधी रात्री आठला जाऊन बघा. मार्किंगवाला पोरगा काळं मार्कर घेऊन उभा असतो, प्रत्येक खोक्यावर गावाचं नाव, बिल्टीचा नंबर आणि "४ पैकी २" असं लिहीत जातो. हमाल ते लिहिलेलं वाचत नाहीत, अक्षराच्या वळणावरनं ओळखतात कुठल्या थप्पीला टाकायचं. आधी उतरायचा माल शेवटी भरायचा, जड खाली हलकं वर, तेलाचा डबा कापडाजवळ नाही. एक नग चुकून दुसऱ्या थप्पीला गेला की तो आठ दिवस महाराष्ट्र दर्शन करून येतो. माझा एकदा असाच सबमर्सिबल मोटारीचा नग एका ट्रान्सपोर्टनं (नाव घेत नाही, आता बंद पडलं) भलतीकडंच पाठवला आणि वर मलाच डेमरेज (माल गोडाऊनला पडून राहिल्याचा दंड) लावलं.

हे असं रोज, शेकडो गावात, न चुकता करायचं. ट्रक घेणं सोपंय, बँक देते. ही शिस्त बँक देत नाही. संकेश्वरांनी गदग, हुबळी, बेळगाव, बेंगळुरू अशी एकेक जागा जोडत नेली, आणि सुरुवातीची वर्षं लय तोट्यात गेली असं त्यांनीच बऱ्याच ठिकाणी सांगितलंय.

आकडेवाला

वरचं पटलं पण एक गोष्ट क्लिअर करतो कारण व्हॉट्सॅपवर "शून्यातून साम्राज्य" असले फॉरवर्ड फिरतात. शून्य कुठंय? घरी चालता छापखाना होता, प्रकाशन होतं, गावात पत होती. सोळाव्या वर्षापासून हा माणूस छपाईच्या मशीन हाताळत होता, धंद्याचं गणित घरातच शिकला. दोन वर्षं तोटा झाला तर चूल विझणार नव्हती. आबांच्या मागं काय होतं, आजीच्या पाटल्या. त्या पण गेल्या. हे मी संकेश्वरांना कमी लेखायला म्हणत नाही, घरच्यांना हा धंदा नको होता तरी पडले आणि टिकले, त्याचं क्रेडिट आहेच. पण तुमच्या पोराला सांगताना हा भाग पण सांगा.

दुसरं, मेंटेनन्स. बाकीचे मालक गाडी बाहेरच्या मिस्त्रीकडं टाकतात, ह्यांनी स्वतःचे वर्कशॉप, स्पेअर थेट कंपनीकडनं, बॉडी स्वतः बांधायची. हप्ते फिटलेली जुनी गाडी नीट राखली तर ती जे कमावते तो जवळपास सगळा गल्ला. म्हणून आयपीओ (लोकांना पहिल्यांदा शेअर विकायला काढले) आला तेव्हा, एप्रिल २०१५, २०५ रुपये भाव होता, ७४ पट अर्ज आले. मला एक पण शेअर लागला नाही, तो राग वेगळा. मधी पवनचक्क्या पण लावल्या, गदगजवळ कप्पतगुड्डच्या डोंगरावर, ३४ चक्क्या, साडेबेचाळीस मेगावॅट. प्रवासी बस १९९६ ला चालू केल्या, अलीकडं बसचा धंदा लिस्टेड कंपनीतनं बाहेर काढला. म्हणजे काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे ह्या माणसाला कळतं. म्हणूनच पक्षाचं आश्चर्य वाटतं मला.

कानडीमराठी

आश्चर्य कशाला, सांगतो. मी मुरूमचा, आमच्या घरात अर्धं कानडी अर्धं मराठी, मामा लोक सगळे हुबळी धारवाडकडं, त्यामुळं हे सगळं सुट्टीत ऐकत मोठा झालो.

१९९६ च्या आधी धारवाड उत्तर म्हणजे काँग्रेसची जागा, डी. के. नाईकर १९८० पासून ओळीनं निवडून येत होते. मग हुबळीत ईदगाह मैदानाचं प्रकरण पेटलं, १५ ऑगस्ट १९९४ ला झेंडा लावण्यावरून गोळीबार झाला, माणसं गेली, आणि त्या भागात भाजपची हवा तयार झाली. त्यात संकेश्वर लिंगायत, गावातला मोठा धंदेवाला, हजारो घरं त्यांच्या पगारावर चालणारी. तीन वेळा निवडून आले ह्यात त्यांचा वाटा आहेच पण हवेचा पण आहे. मामा म्हणायचा, गाडी चांगली होती आणि रस्ता पण उताराचा होता.

मग २००३ च्या सुमारास पक्षाशी बिनसलं आणि कन्नड नाडू पक्ष काढला. २००४ ला कर्नाटकात लोकसभा आणि विधानसभा एकदमच होत्या. आणि निकाल काय, तर २२४ पैकी भाजप ७९, काँग्रेस ६५, देवेगौडांचा जेडीएस ५८, आणि कन्नड नाडू १. एक. भाजप कर्नाटकात पहिल्यांदा सगळ्यात मोठा पक्ष झाला ते नेमकं ह्याच निवडणुकीत, म्हणजे हे स्टँडवर उतरले आणि मागं गाडी सुटली. धारवाड उत्तरला भाजपनं प्रल्हाद जोशींना दिलं, ते तेव्हापासून आजपर्यंत एकदा पण हरले नाहीत, आता केंद्रात मंत्री. नंतर संकेश्वर परत भाजपकडं आले पण ती जागा परत मिळाली नाही.

आणि हे एकट्याचं नाही. कर्नाटकात फुटून पक्ष काढणाऱ्यांची लाईन आहे. बंगारप्पा मुख्यमंत्री होते, त्यांनी १९९४ ला वेगळी काँग्रेस काढली, १० जागा. येडियुरप्पांनी २०१२ ला केजेपी (कर्नाटक जनता पक्ष) काढली, २०१३ ला ६. श्रीरामुलूंनी बीएसआर काँग्रेस काढली, ४. येडियुरप्पांसारख्या माणसाला ६, तिथं ट्रकवाल्याला १ आली तर त्यात नवल ते काय.

साखरपट्टा

कानडीमराठी, आकडे भारी दिलेत. मी जरा वेगळं बोलतो.

आपल्याकडं मराठवाड्यात मोठे पुढारी कुठून आले बघा. कारखाना, सोसायटी, शिक्षणसंस्था, जिल्हा बँक. विलासराव म्हणलं की मांजरा कारखाना आठवतो. ट्रान्सपोर्टमधनं आमदार-खासदार झालेला मोठा माणूस मला तरी पटकन आठवत नाही, मोठे ट्रान्सपोर्टवाले असूनसुद्धा. का? माझं म्हणणं असं की कारखान्याचा सभासद मतदारसंघातच राहतो. त्याचा ऊस, त्याचं बिल, त्याची सोयरीक सगळं वीस किलोमीटरमधी. ऊस वेळेत तोडला नाही तर तो थेट चेअरमनच्या वाड्यावर येतो आणि तोडला तर मत देतो. ट्रान्सपोर्टचं गिऱ्हाईक कुठं राहतं? एक बेळगावात, एक बेंगळुरात, एक इचलकरंजीत. माल टायमावर पोचला म्हणून इचलकरंजीवाला खूश झाला, त्याचं मत धारवाडला चालत नाही. आणि जो ड्रायव्हर पगारावर आहे तो मतदानाच्या दिवशी नागपूरजवळ कुठंतरी असतो.

म्हणजे धंदा जेवढा पसरत जाईल तेवढं मत पातळ होतं. कारखान्याचं उलटं, तो जागेवरच मोठा होतो.

आकडेवाला

@साखरपट्टा मस्त मुद्दा. पण मग पेपरचं काय? पेपर तर गावोगाव जातो.

नांदेडी_गडी

पेपरचं मी सांगतो की. तुमी सगळे निस्तं राजकारणावर बोलूलालाव, ह्या मानसाची खरी कमाल पेपरमदी हाय.

१९९९ ला विजय कर्नाटक काढला. समोर कोन, तर प्रजावाणी, १९४८ पासूनचा पेपर. लोक मनले ट्रकवाला पेपर काढूलालाय, सा महिन्यात बंद पडंल. आता बगा, पेपर मजी काय हो, रातच्याला छापायचा आन पाटं पाचच्या आत गावागावात पोचवायचा. शिळा झाला की रद्दी. मजी हे पार्सलच हाय, फकस्त एका रातीत नासनारं. छपाई बापाच्या घरची इद्या, पोचवनं सोताची इद्या, दोनी हातात. बाकीचे पेपरवाले बातमीच्या बाजूनं आले, हा मानूस गाडीच्या बाजूनं आला. थोड्याच वर्षात कन्नडमदला सगळ्यात जास्त खपाचा पेपर करून दाखिवला आन २००६ ला टाइम्सवाल्यास्नी इकून मोकळा. परत २०१२ ला विजयवाणी काढला, तो बी चालला. मग २०१७ ला टीवी चॅनल.

पन आकडेवाल्याचा सवाल बरोबर हाय, एवडा पेपर हातात असताना २००४ ला एकच शीट? मला वाटतं लोक पेपर पैशे देऊन घेतेत, वाचतेत आन मत आपल्या मनानं देतेत. चहाच्या हाटेलात पेपर एकाचा आन मतं दहा जनाची ऱ्हातेत.

अजून एक उदारन, आंध्रातले केसिनेनी नानी. केसिनेनी ट्रॅव्हल्स आपल्या नांदेड-हैदराबादकडच्या लोकास्नी ठाऊक आसल. २०१४ आन २०१९ ला विजयवाड्याहून तेलुगू देसमचे खासदार, मधी २०१७ ला ट्रॅव्हल्सच बंद केली. २०२४ ला पक्ष बदलून जगन रेड्डीच्या वायएसआर काँग्रेसकडं गेले आन हारले, कुनाकडून, तर सख्ख्या भावाकडून. भाऊबंदकी निस्ती आपल्या बांदावरच नसती.

मास्तरीण_परळी

छान चाललाय धागा, पण मालक आणि मतं सोडून कुणी ड्रायव्हरबद्दल बोलेल का? माझे दीर पंचवीस वर्षं गाडीवर होते, वेगवेगळ्या मालकांकडं. ते म्हणायचे एकट्या मालकाची गाडी म्हणजे ट्रिपवर पैसे, भाडं नाही तर पगार नाही, टायर फुटला तरी ओरडा ड्रायव्हरलाच. मोठ्या कंपनीत ठरलेला रूट, ठरलेला पगार, पण मग टायमाचं भूत मानगुटीवर. लेट झालं की फोन. झोप कुठं घ्यायची हे कुणी सांगत नाही, पोचायचं कधी ते सगळे सांगतात. मोंढ्यातला म्हणतात ना "गाडी टायमाला निघते", त्या टायमाची किंमत कुणीतरी डोळे ताणून देत असतं.

आणि जाता जाता एक इतिहासाचं, शाळेत शिकवते म्हणून राहवत नाही. ठरलेल्या टायमाला गाडी सोडायची ही कल्पना आपल्या भागाला नवी नव्हती. निजामाच्या रेल्वेनं १९३२ ला सरकारी बससेवा सुरू केली, २७ बस आणि १६६ कर्मचारी. आपली लालपरी तर १ जून १९४८ ला पुणे-नगर पहिल्यांदा धावली. मराठवाड्याची बस १९६१ पर्यंत वेगळ्या खात्याखालीच होती, तेव्हा कुठं एसटी महामंडळात आली. माझे आजोबा शेवटपर्यंत एसटीला "रोड ट्रान्सपोर्ट" म्हणायचे, आम्ही हसायचो.

मोंढ्यातला

@मास्तरीण_परळी ताई बरोबर आहे तुमचं, मी गोडाऊनच्या बाजूनंच बोललो. ड्रायव्हर आमच्या दाराशी येतो, पावती घेतो, जातो, त्याला आम्ही चहा पण क्वचित विचारतो. खरंय.

@साखरपट्टा तुमच्या मुद्द्यात एक भर. पार्सलच्या धंद्यात मालक सांगेल तसं ब्रँचला होतं. बिल्टी फाडली की नग गावाला निघाला, नगाला विचारत नाहीत तुला कुठं जायचंय. पक्षात कार्यकर्ता म्हणजे नग नाही, तो मधीच उतरतो. माझ्या चुलत्यानं जिल्हा परिषद लढवली होती, मोठे धंदेवाले, सगळं प्लॅनिंग गोडाऊनसारखं, कुठल्या गावाला किती जीप, किती पोरं, किती जेवणं. जीपा बरोबर गेल्या, जेवणं पण बरोबर झाली. पोरं दुसऱ्याच्या पेटीला. अजून घरात कुणी त्या वर्षाचं नाव काढत नाही.

कानडीमराठी

:) हे मामाला ऐकवतो आज.

बाकी एक गोष्ट संकेश्वरांच्या बाजूनं पण सांगायला पाहिजे. पक्ष आपटल्यावर बरेच जण धंदा पण घालवून बसतात, निवडणुकीत गाड्या विकतात, जमिनी विकतात. ह्यांनी २००४ नंतर धंदा अजून वाढवला, आयपीओ त्यानंतर अकरा वर्षांनी आला. राजकारण हरले आणि परत गोडाऊनमधी येऊन बसले. आपल्याकडं एकदा खादी अंगावर चढली की मोंढ्यात बसायची लाज वाटते माणसाला. २०२२ ला त्यांच्यावर पिक्चर पण आला कन्नडमधी, त्यात ट्रक लय दाखवलेत आणि ते बरोबरच आहे.

देवणीचं_वळू

सगळ्यांचे आभार. पोराला मोबाईलवर पूर्ण धागा वाचून दाखवला. आकडेवाल्याचं "शून्य कुठंय" त्याला पटलं, मोंढ्यातल्यांचं मार्कर आणि थप्पी लय आवडलं, म्हणलं आपण एकदा रात्री आठला लातूरला जाऊ बघायला. आबा कानानं कमी ऐकतात म्हणून त्यांना मोठ्यानं सांगितलं की तुमची चूक नव्हती, रिटर्न भाड्याची ब्रँच नव्हती. ते म्हणले ब्रँच कशाला, ब्रोकर चोर होता. तेहतीस-चौतीस वर्षं झाली, मत बदललं नाही.

मग स्वतःच उठले, कपाटातनं जुनं बिल्टी बुक काढून आणलं, कार्बनचा निळा डाग अजून बोटाला लागतो त्याचा. शेवटून तिसरी पावती दाखवली. ६० पोती तूरडाळ, उदगीर ते हैदराबाद, टू पे (भाडं माल घेणाऱ्यानं द्यायचं), त्यातले ३५० रुपये बेगम बाजारच्या एका पेढीकडं अजून येणं बाकी आहे म्हणले. @मोंढ्यातला, तिकडं कुणी ओळखीचं असेल तर सांगा, आबा व्याज सोडायला तयार नाहीत.